आधी हजेरीपट मागवा

प्रश्न : पालिकेच्या शाळेतून 31 वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. आता घराजवळच्या पालिका शाळेने शाळा व्यवस्थापन समितीवर शिक्षणतज्ज्ञ म्हणून येण्याबद्दल विचारलं आहे. डोक्यात पुष्कळ आहे : वाचनालय, इंग्रजी संभाषण, भिंतींची रंगरंगोटी. सुरुवात कुठून करू?
– एक निवृत्त शिक्षिका, भांडुप

उत्तर : बाई, तुमची यादी वाचून मला माझी आठवली. निवृत्तीनंतर अशाच एका समितीवर गेले, तेव्हा वहीत चौदा मुद्दे लिहून नेले होते. पहिल्याच सभेत मागच्या बाकावरची एक आई म्हणाली, “सातवीच्या पोरी महिन्यातले तीन-चार दिवस घरी का बसतात, ते आहे का तुमच्या वहीत?”

नव्हतं. हजेरीपट मागवला. तिचं खरं होतं. मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडीच नव्हती. तक्रारीचं पत्र गेलेलं होतं, त्याची पोच फायलीत नीट लावलेली होती. त्या बाईचे यजमान सुतारकाम करायचे. शनिवारी येऊन त्यांनी कडी बसवली. माझे चौदा मुद्दे मग बरेच दिवस वहीतच राहिले.

म्हणून आधी हजेरीपट. एकूण टक्केवारी नको, नावं वाचा. ‘गावाला गेलाय’ असं ज्याच्याबद्दल सांगतात तो जूनमध्ये परत आला का? चाळ पाडली म्हणून कुठलं कुटुंब संक्रमण शिबिरात गेलं? पटावर नाव असतं आणि पोरगं दुसऱ्याच उपनगरात असतं.

मुंबईची आणखी एक गंमत तुम्हाला ठाऊक असेलच. एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा दोन-तीन शाळा, त्यांतही सकाळ-दुपारची सत्रं. समिती ज्या त्या शाळेची वेगळी, पाण्याची टाकी आणि संडास मात्र सगळ्यांचे मिळून. मग ‘घाण त्यांच्या सत्राची’ हे उत्तर तयारच असतं. इमारतीतल्या सगळ्या समित्यांच्या अध्यक्षांना एकदा एका टेबलाशी बसवा. चहा तुम्ही आणा. हे काम शिक्षणतज्ज्ञाचं वाटत नाही, पण तुम्ही कुठल्याच शाळेच्या नोकरीत नाही, त्यामुळे तुमचं म्हणणं तिघंही ऐकून घेतील.

2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. कागदावर हे जमतं. सभा सकाळी अकराला ठेवली, की चार घरची धुणीभांडी करणारी आई खाडा करून कशी येणार? शाळा सुटायच्या वेळी ठेवा, नाहीतर रविवारी. आणि सभेत आपण जरा कमी बोलायचं. आपल्याला समोर माणसं बसलेली दिसली की शिकवावंसं वाटतं, ही आपली जुनी खोड!

दुसरी हेडबाई होऊ नका. वर्गात जाऊन शिक्षिकेच्या फळ्यावरच्या चुका काढू नका. त्यापेक्षा ती किती दिवस वर्गाबाहेर होती, ते विचारा. कलम 27 प्रमाणे शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि सहावी ते आठवीला 220 दिवस शाळा भरायला हवी. कोण, कुठल्या कामाला, किती दिवस गेलं आणि तेव्हा वर्ग कुणी सांभाळला, याची साधी वही ठेवायला सांगा. शिक्षकांना फैलावर घेण्यासाठी नव्हे. शाळा विकास आराखडा समितीच करते, त्यात हा आकडा आला तर वर्ग रिकामा का राहिला हे वरच्यांनाही वाचावं लागेल.

वाचनालय हवंच. नवी पुस्तकं मागण्याआधी जुन्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते बघा. रंगरंगोटी तुमच्याविनाही होईल, तिला फीत कापायला माणसं मिळतात.

प्रश्न : मी समितीवर आहे, घरकाम करते. सभा झालीच नाही आणि वहीवर सही मागतात. नाही म्हटलं तर मुलीला त्रास होईल का?
– एक आई, मानखुर्द

उत्तर : ताई, न झालेल्या सभेची सही द्यायची नाही. शाळेला आलेलं अनुदान कसं खर्च झालं यावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम आहे. तुमच्या सहीचा अर्थ ‘मी होते, मी पाहिलं’ असा होतो. फारच गळ घातली, तर आधी ‘मी या सभेला हजर नव्हते’ असं स्वतःच्या हाताने लिहा, मग सही करा, आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मुलीची काळजी वाटणं साहजिक आहे, म्हणून एकट्या जाऊ नका. समितीतल्या आणखी दोघीतिघींना बरोबर घ्या. त्यांच्याकडेही वही गेलीच असेल.