वाचकांचे प्रश्न : गोव्यात बसून अद्भुत कादंबरी लिहिताना

अद्भुत कादंबरी लिहिणाऱ्यांनी आणि लिहू पाहणाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांतून इतरांनाही उपयोगी पडतील असे प्रश्न इथे घेतले आहेत. बऱ्याच पत्रांत एकच खंत आहे. आपल्याकडे ना ड्रॅगन, ना बर्फाचे डोंगर, मग लिहायचे कशावर? या खंतीला वेगळे उत्तर दिलेले नाही. पुढच्या उत्तरांतच ते सापडेल.

प्रश्न : आमच्या गावच्या राखणदाराच्या, म्हणजे गावाची हद्द राखणाऱ्या दैवताच्या, गोष्टी लहानपणापासून ऐकत आलो. पण कादंबरीत आणला की तो सिनेमातले भूत तरी होतो किंवा सुपरहिरो तरी. काय चुकते? (डिचोली)

तुम्ही पाठवलेल्या प्रकरणात त्याची शक्ती सविस्तर आहे, काम मात्र कुठेच नाही. राखणदाराला मुळात काम नेमून दिलेले असते. त्याची हद्द ठरलेली, वेळ ठरलेली आणि मोबदलाही ठरलेला. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, पायांत वहाणा घालून तो रात्री सीमेवरून फिरतो. त्याला रोट द्यायचा, विडी द्यायची, कुठे सोरो (दारू), कुठे केळी. वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला वहाणा आणि केळ्यांचे घड वाहण्याची रीत तर सर्वांना ठाऊक आहे. देव रात्रभर चालतो, वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्याव्या लागतात ही समजूत कादंबरीकाराने जपून ठेवावी अशी आहे. इथे अद्भुताला झीज आहे, आणि जिथे झीज आहे तिथे कथानकाला जागा आहे.

लिहायला बसण्यापूर्वी एका पानावर काही गोष्टी पक्क्या करा. हद्द कुठून कुठे जाते आणि तिच्या खुणा कोणत्या : व्हाळ (ओढा), आंबा, पेर (पेरूचे झाड), उभा दगड. तो काय घेतो. ते द्यायचे राहिले तर किती दिवसांनी आणि कोणाला भोगावे लागते. त्याच्याशी बोलण्याचा मान कोणाचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, त्याला काय जमत नाही. हे शेवटचे ठरवले नाही की राखणदाराचा सुपरहिरो होतो, कारण मग प्रत्येक संकटात लेखक त्यालाच हाक मारतो. हद्द वाचकाला पहिल्या तीन प्रकरणांत कळू द्या. ती ठाऊकच नसेल तर विसाव्या प्रकरणात कोणी ओलांडली म्हणून काय बिघडले?

गाऱ्हाण्याची रचना लक्ष देऊन ऐका. एकजण देवापुढे गावाचे म्हणणे मांडतो आणि प्रत्येक वाक्याला जमाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. हा साक्षीदारांसमोर केलेला करार आहे. त्याची लय घ्या, शब्द स्वतःचे रचा. कथाबीज हवे असेल तर हे घ्या : गावची शेते विकली गेली, कागदावर हद्द बदलली, पण राखणदाराला कोणी सांगितलेच नाही. तो जुन्याच वाटेने फिरतो आणि ती वाट आता कोणाच्या तरी दिवाणखान्यातून जाते.

एक पथ्य पाळाच. नांदत्या देवस्थानाचे खरे नाव घेऊन त्याला खलनायक करू नका. गाव कल्पित ठेवा, नाव नवे घ्या. साळ गावचे गडे, म्हणजे संचार झालेल्या गड्यांचा रात्रीचा विधी, होळीच्या पौर्णिमेपासून तीन रात्री चालतात. असे विधी पाहायला जाल तेव्हा आधी गावकऱ्यांना विचारा आणि मोबाईल खिशात ठेवा. टिपणे घरी आल्यावर काढा.

प्रश्न : माझ्या कादंबरीतला प्रदेश खाडीकाठचा आहे. नकाशा काढला, पण तो खोटा वाटतो. शिवाय भरती-ओहोटीच्या वेळा चुकल्या आहेत असे एका मित्राने सांगितले. त्या कशा ठरवायच्या? (चोडण)

मित्राचे बरोबर आहे. तुमच्या पाचव्या प्रकरणात पौर्णिमेच्या मध्यरात्री खाडी कोरडी पडते आणि नायिका पायी पलीकडे जाते. आपल्या किनाऱ्यावर हे होत नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास असते. ओहोटी पडते ती सकाळी आणि संध्याकाळी.

दर्यावर्दी लोकांचा ठोकताळा असा : तिथीला पाऊणने गुणा, भरतीचा तास मिळतो. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब. दुसरी भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी येते, आणि दोन भरत्यांच्या मध्ये सव्वासहा तासांनी ओहोटी. रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. प्रत्यक्षात तासभर इकडेतिकडे होते, आणि नदीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. मांडवीत ती गांज्यापर्यंत आणि जुवारीत सावर्ड्यापर्यंत जाणवते.

तुमच्या नायिकेला मध्यरात्री चालतच जायचे असेल तर अष्टमी निवडा, त्या दिवशी मध्यरात्री ओहोटी असते. पण अष्टमीला भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी असते, पाणी फार खाली जात नाही. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक गोव्यात दोन मीटरच्या आसपास असतो, भांगाच्या दिवसांत त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे ती कंबरभर पाण्यातून जाईल. चांदण्याचाही हिशेब ठेवा. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्री मावळतो, वद्य अष्टमीचा तेव्हा उगवतो. अंधारात निघून उजेडात पोचायचे असेल तर वद्य पक्ष घ्यावा लागेल. या अडचणींना वैतागू नका. कंबरभर पाणी आणि मागून उगवणारा चंद्र तुमच्या कोरड्या खाडीपेक्षा कितीतरी सरस आहे.

आता नकाशा. डोंगर आणि राजवाडे आधी काढल्यामुळे तो खोटा वाटतो. पाणी आधी काढा. गोड पाणी कुठून येते, खारे कुठपर्यंत शिरते आणि दोघांना वेगळे कोण ठेवते हे ठरले की वस्ती, वाटा आणि भांडणे कुठे असतील ते आपोआप ठरते. आपली खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खारे पाणी अडवून केलेली शेती, याचा उत्तम नमुना आहे. चिखल, पेंढा आणि चिरे घालून बांध रचलेला, आणि त्यात मानस, म्हणजे दारे बसवलेली मोरी. तिची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने बाहेर उघडतात. ओहोटीला तिथे जाळे लावून मासे धरतात आणि त्या हक्काची पावणी (लिलाव) होते. कुर्ल्या बांधाला बिळे पाडतात, दारांची फळी कुजते, आणि उधाणाच्या एका रात्रीत खारे पाणी शेतात शिरते. कोरगूटसारखे भात थोडा खार सोसते, पण शेतात बसलेले मीठ धुऊन निघायला पावसाळे जावे लागतात.

एका सडलेल्या फळीने गाव उपाशी राहू शकतो, हे कळले की राजवाड्याची गरज राहत नाही. त्या फळीची देखभाल कोणी करायची, हा प्रश्न सिंहासनाच्या वारसाइतकाच मोठा होतो. गावकारीच्या, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थेच्या, रीतीभाती १५२६ च्या फोराल नावाच्या सनदेत पोर्तुगिजांनी लिहून घेतल्या, त्या नजरेखालून घाला. कल्पित राज्याचे कायदे रचताना त्यांचा फार उपयोग होतो.

अंतरांचे माप म्हणाल तर ओझे घेऊन चालणारा माणूस सपाटीवर दिवसाला २० ते २५ किलोमीटर जातो. घाट चढताना निम्मे धरा, पावसाळ्यात त्याहून कमी. होडी भरतीबरोबर आत आणि ओहोटीबरोबर बाहेर. उलट निघालेला नावाडी तुमच्या कथेत एकतर अडाणी असतो किंवा जीव वाचवत असतो.

प्रश्न : पात्रांची नावे सुचत नाहीत. सुचली तर इंग्रजी कादंबरीतून आल्यासारखी वाटतात. (फोंडा)

नाव कागदावर कसे दिसते ते सोडा, त्याला विभक्ती लावून बघा. ‘ने’, ‘ला’, ‘चा’, ‘हून’ लावून चार वाक्ये मोठ्याने म्हणा. ‘झ्राक्थ’ हे नाव भारदस्त दिसते, पण ‘झ्राक्थला’ तीनशे पाने कोण उच्चारणार? गावांच्या नावांचे सामान्यरूप आधीच ठरवा. आपण पेडण्यात, कुडण्यात, डिचोलीत म्हणतो. तुमचे कल्पित गाव ‘वारणे’ असेल तर ते सगळीकडे ‘वारण्यात’च हवे, एका पानावर ‘वारणेमध्ये’ नको. नावांची यादी करून आद्याक्षरे तपासा. एकाच अक्षराची दोन मुख्य पात्रे वाचक हमखास गोंधळतात.

याच पत्रात दुसरा प्रश्न आहे : बुरख्यातली व्यक्ती स्त्री की पुरुष हे शेवटपर्यंत लपवायचे आहे. मराठीत हे अवघड आहे, क्रियापद लगेच चुगली करते. दोन वाटा आहेत. तिच्यासाठी ‘आकृती’ किंवा ‘सावली’ असे नाम धरा, मग स्त्रीलिंग त्या नामाचे राहते, व्यक्तीचे नाही. किंवा ‘ने’ची रचना वापरा : ‘त्या आगंतुकाने दार उघडले’, इथे क्रियापद दाराच्या मागे जाते. मात्र ‘आला’, ‘बसली’, ‘म्हणाला’ अशी रूपे सगळ्या हस्तलिखितात शोधून काढावी लागतील. ‘म्हणाला’ सर्वांत जास्त निसटते.

प्रश्न : प्रेरणेसाठी गोव्यात कुठे जावे? (केपे)

तुमच्या जवळच उसगाळीमळ आहे. कुशावतीच्या काठी जांभ्या दगडात कोरलेले बैल, हरणे आणि चक्रव्यूहासारखी वर्तुळे. १९९३ मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेस आली. पावसाळा संपल्यावर, सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, दुपारी सपाट होतात. कोरीव भागावर पाय देऊ नका आणि खडूने रेषा भरू नका.

जागेपेक्षा घटना हवी असेल तर सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळे पाडू लागले तेव्हाची देवांची स्थलांतरे वाचा. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रुज महालात (आजच्या फोंड्यात) आली, तेव्हा तो मुलूख आदिलशाहीत होता. मूर्ती होडीत बसते. तळी, वड आणि सीमेवरचा राखणदार मागेच राहतात. त्यांचे पुढे काय झाले, एवढ्या एका प्रश्नावर आमच्या मते तीन खंडांची कादंबरी होऊ शकते. संदर्भांसाठी पाटो, पणजी इथले कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. ते १८३२ पासूनचे आहे आणि गोव्यावरची पुस्तके एका जागी मिळतात.

प्रश्न : नोकरी सांभाळून मोठी कादंबरी कशी पुरी होईल? आणि लेखकांच्या विचित्र सवयी खरेच उपयोगी असतात का? (मडगाव)

नव्वद हजार शब्दांची कादंबरी धरा. रोज ४०० शब्द, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे आठवड्याला दोन हजार. ४५ आठवड्यांत पहिला खर्डा होतो. चतुर्थी, शिगमो, लग्ने आणि आजारपण धरून वर्ष म्हणा. चारशे शब्द ही हाताने लिहिलेली साधारण दोन पाने. दुपारी दुकाने बंद असतात तो वेळ गोव्यात अजून शिल्लक आहे, तासाभराची झोप घेऊन त्यातला पाऊण तास घ्या.

सवयींचे म्हणाल तर एक कसोटी लावा : ती लिहिण्याच्या आधी पाच मिनिटांत संपते का? ठरावीक खुर्ची, ठरावीक पेन, कालचे शेवटचे पान मोठ्याने वाचणे, बिनदुधाचा चहा, हे सगळे चांगले. शरीराला कळते की आता काम. वाक्य अर्धे सोडून उठण्याची सवय तर लावूनच घ्या, दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधावी लागत नाही. पाऊस पडल्याशिवाय सुचत नाही ही सवय मात्र मोडा, नाहीतर ऑक्टोबर ते मे कादंबरी बंद. पहिले प्रकरण पुन्हा पुन्हा लिहिणेही तसेच.

अद्भुत कादंबरीकाराला आणखी एक व्यसन लागते, जग बांधत बसण्याचे. नकाशे, वंशावळी, लिप्या, पंचांगे यांत दोन-दोन वर्षे जातात आणि पात्र घराबाहेर पडत नाही. याला मुदत घाला. एक महिना टिपणे, मग लिखाण. पुढे जे अडेल तेवढेच ठरवायचे आणि एका वहीत अकारविल्हे नोंदवायचे : नाव, पहिल्यांदा कुठल्या प्रकरणात, डोळ्यांचा रंग, कोणाशी नाते. ही वही नसेल तर दहाव्या प्रकरणात मेलेला मावसा सव्विसाव्यात जेवायला येतो.

जून ते सप्टेंबर कागदाची काळजी घ्या. दमट कागदावर शाई फुटते, म्हणून बॉलपेन वापरा. वह्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की बदला. संगणकावर लिहीत असाल तर वीज जाते हे गृहीत धरून आपोआप जतन होण्याची मुदत एका मिनिटावर ठेवा आणि आठवड्यातून एकदा प्रत दुसऱ्या जागी काढा.

प्रश्न : प्रकाशक मिळण्यापूर्वी स्वतःच पुस्तक काढले तर आयएसबीएनला, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाला, किती खर्च येतो? (म्हापसा)

काही नाही. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो विनामूल्य देते, लेखकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. मुखपृष्ठ छापायला देण्यापूर्वी अर्ज करा, कारण क्रमांकाची पट्टी मागच्या मुखपृष्ठावर बसवायची असते. छापील आणि ई-पुस्तक दोन्ही काढणार असाल तर दोन वेगळे क्रमांक घ्या. त्याआधी कादंबरीतला एखादा स्वतंत्र उभा राहणारा भाग कथा म्हणून दिवाळी अंकांकडे पाठवून पाहा. ही पाठवणी पावसाळ्यातच व्हायला हवी, गणपतीनंतर बहुतेक अंकांची पाने भरलेली असतात.