"काही शंका?" असं विचारणं सोडलं, तिथून माझ्या वर्गात प्रश्न सुरू झाले

तुम्ही लिहिलंय की सातवीच्या वर्गात ब्लूमच्या पायऱ्यांचा, म्हणजे नुसतं आठवण्यापासून वर चढत जाणाऱ्या विचारांच्या पातळ्यांचा, तक्ता लावला, मुलांना "वरच्या पायरीचे प्रश्न विचारा" असं बजावून सांगितलं, तरी वर्ग गप्प. हात वर झालाच तर प्रश्न एकच : "मॅडम, हे परीक्षेला येणार का?"

मी बावीस वर्षं मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये सहावी ते आठवीला विज्ञान आणि इतिहास शिकवतोय. पहिली दहा-बारा वर्षं माझाही वर्ग असाच होता. म्हणून जे करून पाहिलंय तेवढंच सांगतो.

आधी तो तक्ता भिंतीवरून काढा. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली ती वर्गवारी प्रसिद्ध केली. ती समिती महाविद्यालयं आणि विद्यापीठांतल्या परीक्षकांची होती. शिकवण्याची उद्दिष्टं आणि परीक्षेतले प्रश्न नीट लावता यावेत, ही त्यांची गरज होती. म्हणजे ती शिडी प्रश्न काढणाऱ्या मोठ्या माणसासाठी बनली. तुमचं पाठाचं टाचण काढताना ती कामाची आहे. पण बारा वर्षांच्या मुलाला प्रश्न पडतो तेव्हा तो कितव्या पायरीवरचा आहे हे बघून पडत नाही.

मग आपली भाषा बघा. धडा संपला की आपण विचारतो, "काही शंका?" शंका कुणाला असते? ज्याला कळलं नाही त्याला. अडतीस मुलांसमोर हात वर करणं म्हणजे "मला समजलं नाही" अशी कबुली देणं. घरी तर "उलटून बोलू नको", "आगाऊपणा करू नको" हे रोजचंच. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी एकापुढे एक प्रश्न विचारत जाते, तेव्हा याज्ञवल्क्य तिला सांगतो की अतिप्रश्न करू नकोस, डोकं गळून पडेल. इतकी जुनी सवय आपण एका तक्त्यानं मोडायला निघालोय. मुलं गप्प बसतात यात त्यांचा दोष मला तरी दिसत नाही.

माझ्या वर्गात फरक पडला तो प्रश्नांना स्वतःचा तास दिल्यावर. रीत माझी नाही. डॅन रॉथस्टीन आणि लूझ सान्ताना यांनी ती अमेरिकेत घडवली. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स नावाच्या गावात पालक शाळेच्या बैठकांना येत नव्हते. कारण विचारलं तर म्हणाले, तिथे काय विचारायचं तेच आम्हाला कळत नाही. माझ्या शाळेतले पालक डोळ्यांपुढे आले, म्हणून ही गोष्ट मनात राहिली.

रीत साधी आहे. शिक्षकानं प्रश्न विचारायचा नाही, फळ्यावर एक विधान लिहायचं. चार-पाच जणांच्या गटांनी त्यावर सुचतील तितके प्रश्न लिहायचे. कुणाच्या प्रश्नाला हसायचं नाही, चर्चा करायची नाही, उत्तर द्यायचं नाही. प्रश्न ज्या शब्दांत आला त्याच शब्दांत लिहायचा. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत सगळ्यात अवघड काम आपलं असतं, गप्प बसायचं. मेरी बड रो या संशोधिकेनं वर्गात वेळ मोजून पाहिला होता. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर मुलांची उत्तरं लांबतात आणि मुलं स्वतःहून जास्त प्रश्न विचारतात, असं तिला दिसलं. मनात एक, दोन, तीन म्हणून बघा. तीन सेकंद किती लांब असतात ते वर्गात उभं राहिल्यावर कळतं.

एकदा मी फळ्यावर लिहिलं : "१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली." हे वाक्य पोरांना तिसरी-चौथीपासून पाठ. पहिले पाच-सहा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आले. शाळा कधी काढली, कुठे काढली, वाडा कुणाचा होता. मी काही बोललो नाही. सातव्या-आठव्या प्रश्नापाशी सगळे गट अडकले. वर्गात नुसती चुळबुळ. अशा वेळी मदतीला धावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पाठ केलेलं संपतं आणि मूल स्वतःचं डोकं लावायला लागतं ती जागा तीच. मग आलेले प्रश्न माझ्या वहीत आहेत : "भिड्यांनी वाडा का दिला, त्यांना कुणी काही बोललं नाही का?" "मुलींना शाळेत पाठवा म्हणून आईला विचारलं का बापाला?" "त्या मुलींचं पुढे काय झालं?" आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाचा, जो एरवी तोंड उघडत नाही : "शेण मारणारी माणसं वाईट होती, का त्यांना आपण बरोबरच करतोय असं वाटत होतं?"

या शेवटच्या प्रश्नावर माझी जीभ शिवशिवत होती. मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी एक मुलगी सांगत आली की तिनं आजीला विचारलं, तुझी शाळा चौथीतच का सुटली, कुणी सोडवली. आजी बराच वेळ बोलत होती म्हणे. एवढ्या वर्षांत मी त्या पाठावर दिलेल्या कुठल्याही गृहपाठानं हे केलं नव्हतं.

"त्या मुलींचं पुढे काय झालं?" हा प्रश्न वर्गानं निवडला, म्हणून पुढच्या आठवड्यात मुक्ता साळवे वर्गात आली. फुल्यांच्याच एका शाळेत शिकलेली ही मातंग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा ग्रंथ कोणता, आमचा धर्म कोणता, असं ती त्यात थेट देवालाच विचारते. तुम्हाला मुलांपुढे खोल प्रश्नाचा नमुना ठेवायचा असेल तर हा ठेवा. त्यांच्याच वयाच्या आसपासच्या, मराठीतून शिकलेल्या मुलीचा आहे. दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी वाचताना वर्ग शांत होतो.

माझी एक चूक आधीच सांगून ठेवतो. सुरुवातीला मी नियम केला होता की "काय, कधी, कुठे" बाद, फक्त "का" आणि "कसं" चालेल. मुलं हुशार असतात. त्यांनी गाईडमधली वाक्यं उचलली, पुढे "का" जोडला आणि उत्तरासकट प्रश्न आणून दिले. "फुल्यांनी शाळा का काढली?" याला गाईडमध्ये एका ओळीचं उत्तर आहे. उलट एका मुलानं विचारलं, "तेव्हा पुण्यात मुलांच्या शाळा किती होत्या?" हा "किती"चा प्रश्न, पण तुलना मागणारा. प्रश्नाची खोली पहिल्या शब्दावर ठरत नाही, हे मला तेव्हा कळलं.

आता आम्ही प्रश्न पारखतो तो एका शब्दानं : "कशावरून?" आपल्या भाषेत हा फार मोलाचा शब्द आहे. पुरावा काय, तर्क काय, तू हे कुठून धरून बोलतोस, सगळं त्या एका शब्दात येतं. यादीतल्या प्रत्येक प्रश्नापुढे मुलं बघतात, याचं उत्तर पुस्तकात एका ओळीत मिळतं का? मिळत असेल तर तो फेकायचा नाही, वाढवायचा. "वाडा कुणाचा होता?" याचा त्यांनी केला, "वाडा दुसऱ्या कुणाचा असता तर शाळा टिकली असती का, आणि कशावरून?" हा बदल करणं हेच शिकवण्याचं काम आहे. मला विचाराल तर सगळ्या रीतीत जास्तीत जास्त वेळ इथेच द्या.

विज्ञानात हे जास्त सोपं जातं, कारण प्रश्न तपासता येतो. मार्चमध्ये फळ्यावर लिहिलं, "माठातलं पाणी गार राहतं." पाझर, बाष्पीभवन हे सगळं येऊन गेलं. मग एकजण म्हणाला, "रत्नागिरीला मामाकडे माठ आहे, पण पाणी एवढं गार का नसतं?" मी उत्तर दिलं नाही. गटानं आधी तीन शक्यता लिहिल्या : माती वेगळी, माठ जुना, हवा वेगळी. प्रत्येकीपुढे "कशावरून?". शेवटी शाळेतलाच माठ आणि स्टीलची कळशी शेजारी ठेवून, प्रयोगशाळेतला तापमापक लावून मार्चमध्ये नोंदी घेतल्या आणि तशाच परत जुलैत. माठ तोच, माती तीच, पण पावसाळी दमट हवेत दोघांतला फरक कितीतरी कमी. त्यातून पुढचा प्रश्न त्यांचाच : मग मुंबईत कूलर का चालत नाही? आर्द्रतेचा धडा मी वेगळा घेतलाच नाही.

राहिला "परीक्षेला येणार का". यावर रागावू नका, मुलं व्यवहार बघतात. प्रश्नाला गुण द्या म्हणजे झालं. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम आणि उपक्रमांना जागा आहेच. घटक चाचणीत मी दोन गुणांना एक उतारा देतो : "ज्याचं उत्तर या उताऱ्यात थेट नाही, असा एक प्रश्न तयार करा आणि उत्तर कुठे शोधाल ते लिहा." तपासायला वेळ लागतो. पण गाईडमध्ये उत्तर नसलेला तो एकच प्रश्न असतो, आणि एरवी काठावर पास होणारी दोन-तीन मुलं त्यातच पूर्ण गुण घेतात.

आठवड्यातून एकच तास द्या, रोज नको. रोज केलं की तोही पाठ होतो. माझ्या पहिल्या वर्गाला जूनपासून सुरुवात करून दिवाळीपर्यंत फारसं काही साधलं नव्हतं, दिवाळीनंतर अचानक जमलं. तेव्हा पहिल्या महिन्यात गटांचे कागद अर्धे कोरे आले तरी ते जपून ठेवा, वर्षाच्या शेवटी त्याच मुलांना परत दाखवायला लागतील.

पहिलं विधान कोणतं घ्यायचं अशी अडचण असेल तर तुमचा पुढचा पाठ कोणता आहे ते इथेच लिहा. दोन-तीन विधानं सुचवतो.