कोरियनमध्ये 'खाणे' या एकाच क्रियापदाची इतकी आदरार्थी रूपं का आहेत? नवशिक्याने त्यातली कोणती शिकावीत?

आधी तीनच पक्की करा: मॉगॉयो (रोजचं नम्र), मॉक्सुम्निदा (औपचारिक) आणि दुसेयो (खाणाऱ्याला मान देणारं). मूळ क्रियापद मॉक्ता. (देवनागरीत हे उच्चार जवळपासचेच येतात. 'ऑ' डॉक्टरमधला वाचा आणि हांगुल लिपी लवकर शिकून घ्या. ती येईपर्यंत असल्या लिखाणावर फार विसंबू नका.)

तुमचा गोंधळ रूपांच्या संख्येमुळे होत नाहीये. कोरियनमध्ये आदर दोघांना द्यावा लागतो: ज्याच्याशी बोलताय त्याला, आणि ज्याच्याविषयी बोलताय त्यालाही. दुसरा आदर आपल्या अंगवळणी पडलेला आहे. 'दादा जेवला', पण 'बाबा जेवले'. पहिला मात्र मराठी क्रियापदात दिसत नाही. 'मी जेवले' हे मी मैत्रिणीला सांगते तसंच साहेबांनाही सांगते. कोरियनमध्ये मैत्रिणीला 'मॉगॉस्सॉ' आणि साहेबांना 'मॉगॉस्सॉयो'. दोन्ही वेळा जेवलेली मीच; तो 'यो' समोरच्यासाठी.

'यो' गळला की ते बान्माल होतं, म्हणजे जवळच्यांतली, बरोबरीची बोली. मालिका बघून कोरियन शिकणाऱ्यांच्या तोंडी नेमकी हीच आधी बसते, आणि अनोळखी माणसाशी ती वापरणं म्हणजे सरळ अरे-तुरे. 'मॉक्सुम्निदा' जास्त औपचारिक: बातम्या, सैन्य, मुलाखत, जाहीर घोषणा. लिहिताना त्यात 'प' असतो, पण पुढच्या 'न'मुळे उच्चार 'म' होतो.

आता दुसरा आदर. बहुतेक क्रियापदांत मध्ये एक 'शि' घातला की काम होतं. गादा म्हणजे जाणे. त्याचं गायो, आणि वडीलधाऱ्यांसाठी गासेयो ('शि' पुढच्या 'यो'च्या रूपाशी जुळून 'सेयो' होतो). मॉक्ता इथे आडमुठं आहे. त्याचं मूळच बदलतं: दुशिदा, म्हणून दुसेयो. अगदी आजी-आजोबांसाठी त्याहून मानाचं जाप्सुशिदा आहे, आणि तिथे जेवणाचा शब्दही बदलतो, 'बाप्' जाऊन 'जिंजी' येतो (होय, भाताला आणि जेवणालाही बाप् म्हणतात). 'जिंजी जाप्सुश्यॉस्सॉयो?' ('जेवलात का?') हे आजोबांना विचारा. ऑफिसात साहेबांना हेच विचारायचं असेल तर 'शिक्सा हाश्यॉस्सॉयो?' बरं.

स्वतःला मात्र दुसेयो कधीच लावायचं नाही. वस्तूंनाही नाही, तरी कोरियातल्या कॅफेंमध्ये 'खॉफी नाओश्यॉस्सुम्निदा' ऐकू येतं. ग्राहकाला मान देण्याच्या नादात कॉफीच 'तयार होऊन आल्या' असतात! भाषेचे जाणकार याला चूक म्हणतात, पण काउंटरवरची सवय काही जात नाही.

सरावासाठी कोरियन माणसाच्या घरचं जेवण सगळ्यात सोयीचं. यजमान 'माशिक्के दुसेयो' ('चवीने जेवा') म्हणतील. खाणार तुम्ही, म्हणून तिथे दुसेयो. तुम्ही म्हणायचं 'जाल मॉक्केस्सुम्निदा' ('छान जेवेन'). इथे खाणारे तुम्ही स्वतः, म्हणून मूळ साधंच, मान फक्त शेवटच्या 'सुम्निदा'त. जेवण झाल्यावर 'जाल मॉगॉस्सुम्निदा' ('छान जेवले'). आणि पंगतीतल्या सर्वात ज्येष्ठ माणसाने चमचा उचलेपर्यंत थांबा.