केसपेपरावर न उतरलेले गर्भपात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात प्रबंधासाठी एएनसी ओपीडीचे, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीच्या बाह्यरुग्ण विभागाचे, केसपेपर चाळले, तर आधी कधी गर्भपात करून घेतलेल्या बायका शंभरात बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. मार्गदर्शकांना हे पटत नाही. मग खरं प्रमाण किती धरायचं?

मी महापालिकेच्या रुग्णालयात प्रसूती आणि स्त्रीरोग वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मार्गदर्शकांची शंका रास्त आहे. केसपेपरावरून तुम्हाला एवढंच कळलं की किती जणींनी सांगितलं आणि त्यातलं किती लिहिलं गेलं.

केसपेपरावर जी, पी, एल, ए असं लिहितात: किती गरोदरपणं, किती बाळंतपणं, किती मुलं हयात, किती गर्भपात. त्यातल्या ‘ए’मध्ये आपोआप पडलेलं आणि पाडलेलं, दोन्ही येतं. नीट हिस्टरी घेणारा रेसिडेंट डॉक्टर पुढे ‘एमटीपी’ (कायद्याने करून घेतलेला गर्भपात) किंवा ‘आपोआप’ अशी नोंद करतो, पण सकाळच्या गर्दीत बहुतेक वेळा नुसता आकडाच पडतो. आणि प्रश्न कसा विचारला जातो तेही ओपीडीत उभं राहून ऐका. ‘आधी काही पडलंबिडलंय का?’ बाजूला सासू उभी, मागच्या बाकावर चाळीतली शेजारीण. बाई मान हलवून ‘नाही’ म्हणते. तीच बाई बाळंतपणाच्या वेळी रात्री एकटी असली की हळूच सांगते, ‘सिस्टर, मोठी सात-आठ महिन्यांची असताना गोळ्या घेतल्या होत्या.’ गोळ्या घेतल्या, पिशवी साफ केली, पाळी आणली, असेच शब्द तुम्हाला ऐकू येतील. ‘गर्भपात केला का’ असं विचारलंत तर यातल्या बऱ्याच जणी खरेपणाने ‘नाही’ म्हणतील, कारण त्यांच्या मनात त्याला गर्भपात म्हणतच नाहीत.

आता देशाचे आकडे बघा. 2015 या वर्षासाठी एक मोठा अंदाज काढला गेला. त्यात आपल्या देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था होती, दिल्लीची पॉप्युलेशन कौन्सिल आणि न्यूयॉर्कची गुटमाकर इन्स्टिट्यूट होती. निष्कर्ष असा की त्या वर्षी भारतात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले, म्हणजे 15 ते 49 वयाच्या दर हजार बायकांमागे 47. एकूण गरोदरपणांपैकी साधारण एक तृतीयांशांचा शेवट गर्भपातात झाला. सरकारी नोंदी त्या सुमारास वर्षाला 7 लाखांच्या आसपास होत्या. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना घरी जाऊन विचारलं, तर आधीच्या पाच वर्षांतल्या गरोदरपणांपैकी फक्त 3 टक्क्यांच्या आसपास गर्भपात निघाले. एकीकडे तिसरा हिस्सा, दुसरीकडे शंभरात तीन. पहिला अंदाज औषधांच्या विक्रीवरून आणि रुग्णालयं, दवाखाने, संस्था यांच्याकडच्या संख्यांवरून बांधलेला आहे, दुसरा तोंडी उत्तरांवरून. तुमची मोजणी या दुसऱ्या जातीची आहे.

एक सावधगिरी मात्र ठेवा. 2015 च्या अभ्यासातलं रुग्णालयांचं सर्वेक्षण आसाम, बिहार, गुजरात, मध्य प्रदेश, तमिळनाडू आणि उत्तर प्रदेश या सहा राज्यांत झालं होतं. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यामुळे 47 हा मुंबईचा दर म्हणून प्रबंधात लिहू नका.

याच अंदाजात 1 कोटी 56 लाखांपैकी फक्त 34 लाख, म्हणजे 22 टक्के, गर्भपात रुग्णालयांत किंवा दवाखान्यांत झाले. जवळजवळ तीन चतुर्थांश बायकांनी बाहेरून गोळ्या घेतल्या. या गोळ्यांतल्या मुख्य औषधाला, मिफेप्रिस्टोनला, आपल्याकडे 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि तेव्हापासून चित्र पालटत गेलं. महाराष्ट्रात लिंगनिदानाविरुद्धची कारवाई कडक झाल्यावर अनेक मेडिकलवाल्यांनी कटकट नको म्हणून या गोळ्या ठेवणंच बंद केलं. याचं मला फार वाईट वाटतं. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या, मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत कळायच्या कितीतरी आधीच्या. पण गरज थांबत नाही. कोणी गावाकडून मागवते, कोणी ओळखीच्या कंपाउंडरकडून.

मग वॉर्डात कोण येतं? जिला गोळ्यांनी सगळं नीट झालं ती येतच नाही. जिचं अर्धवट राहिलं, अंगावरून जास्त गेलं, ताप आला ती येते, आणि ‘आपोआप पडलं’ म्हणून सांगते, कारण तिला पोलिसांची भीती वाटते. वैद्यकीयदृष्ट्या दोन्हींचे उपचार जवळपास सारखे असल्याने डॉक्टरही खोदून विचारत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. डोंबिवलीची बाई दादरच्या नर्सिंग होममध्ये जाते, दादरची आणखी कुठे. आपल्या भागात कोणी ओळखायला नको. तेव्हा एका रुग्णालयातल्या प्रमाणावरून परळ किंवा सायनच्या वस्तीबद्दल काहीही बोलता येत नाही.

छेदाचाही, म्हणजे प्रमाण कोणत्या बायकांमधून काढताय त्याचाही, विचार करा. एएनसी ओपीडीत पहिलटकरणी भरपूर, वय कमी. तिथे पूर्वीचा गर्भपात कमीच सापडणार. पिशवीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या चाळिशीतल्या बायकांना विचारलंत तर आयुष्यभराचा हिशेब निघेल. दर हजारी 47 हा दर 35 वर्षं तसाच राहिला असं धरलं, तर बाईमागे सरासरी दीडपेक्षा जास्त गर्भपात होतात. अर्थात एकीचे तीन आणि दुसरीचा एकही नाही, असं ते वाटलेलं असतं. ‘गरोदरपणांपैकी किती’, ‘बायकांपैकी कितींनी कधी ना कधी’ आणि ‘वर्षाला दर हजारी किती’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या प्रस्तावनेत ते एकमेकांत मिसळलेत, ते आधी सोडवा.

रजिस्टर बघता येईल का, हेही तुम्ही विचारलंय. नाही. एमटीपीचं ॲडमिशन रजिस्टर गोपनीय असतं. 2003 च्या नियमांप्रमाणे बाईचं नाव त्या एका रजिस्टरशिवाय कुठल्याही केसपेपरावर, ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरमध्ये किंवा फॉलोअप कार्डवर लिहायचं नसतं. तिथे फक्त अनुक्रमांक टाकायचा. 2021 च्या दुरुस्तीने ही गोपनीयता आणखी घट्ट केली. म्हणजे तुम्ही चाळलेल्या कागदांत त्या बायका सापडू नयेत अशीच कायद्याची रचना आहे, आणि माझ्या मते ती तशीच राहायला हवी. रुग्णालय दरमहा जे विवरणपत्र वर पाठवतं त्यात नावं नसतात. एथिक्स समितीची परवानगी घेऊन त्यातल्या बेरजा मागा. आपल्या रुग्णालयात किती झाले एवढं त्यावरून कळेल.

बायकांशी बोलायचंच असेल तर खोलीत ती आणि तुम्ही, तिसरं कोणी नको. नवरा किंवा सासू आत यायचा हट्ट धरत असेल तर त्या दिवशी विचारू नका. सुरुवात ‘पाळी चुकल्यावर कधी गोळ्या घेतल्या होत्या का’ इथून करा, मग ‘पिशवी कधी साफ करून घेतली का’. नाव लिहू नका. अठरा पूर्ण झालेल्या बाईला गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही, तिची एकटीची संमती पुरते. हे अजून कितीतरी जणींना माहीत नसतं, तेव्हा मुलाखत संपल्यावर सांगा. अठराखालची मुलगी समोर आली तर मात्र थांबा. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, कळवणं बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास तिची ओळख न कळवण्याची मुभा दिली आहे, पण ती गर्भपात करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला, संशोधकाला नाही. त्यामुळे तुमच्या अभ्यासाची वयोमर्यादा आधीच अठराच्या वर ठेवा, आणि अशी मुलगी आलीच तर तिला सरळ रुग्णालयातल्या समाजसेविकेकडे घेऊन जा.