थर्मोस्टॅट काढला, तर बिघडले काय?

प्रश्न : माझी आठ वर्षे जुनी पेट्रोल गाडी पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात तापली. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढून टाकला आणि ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, हा पार्ट थंड देशांसाठी असतो,’ असे सांगितले. गाडी आता तापत नाही. मात्र तापमानाचा काटा पूर्वीइतका वर येत नाही आणि मायलेज लिटरमागे दोन किलोमीटरने उतरले आहे. याचा त्याच्याशी संबंध असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बहुधा तोच संबंध आहे. थर्मोस्टॅट ही मेणाच्या जोरावर चालणारी एक साधी झडप आहे. इंजिनातले कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवण्यासाठी फिरणारा द्रव, साधारण ८२ ते ९० अंशांपर्यंत तापले की आतले मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि कूलंट गार होण्यासाठी रेडिएटरकडे जाऊ लागते. तोवर ते इंजिनातच फिरत राहते. साताऱ्यात भर उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर गेला, तरी इंजिनाच्या हिशेबाने ती थंडीच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे बर्फाचा मुद्दा उरत नाही.

झडपच नसल्यामुळे आपले इंजिन, विशेषतः हायवेवर, पुरेसे तापतच नाही. सेन्सर कॉम्प्युटरला ‘इंजिन अजून थंड आहे’ असेच कळवत राहतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो. त्यातले न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून ऑइल पातळ करते. शिवाय इंजिनात साचणारे पाणी वाफ होऊन निघून जायला हवे, तेही ऑइलमध्ये मिसळत राहते. मायलेज घटलेले दिसते तरी; ही झीज मात्र बरीच वर्षे दिसत नाही.

मिस्त्रींवर अज्ञानाचा शिक्का मारणे मला योग्य वाटत नाही. बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट गाडी खरोखर तापवतो आणि तो काढून टाकला की गाडी घरी पोहोचते, हा रस्त्यावरचा खरा अनुभव आहे. प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या (यंत्रानेच पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या) गाड्यांत चोक, म्हणजे थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी कळ, हाताने ओढावा लागे, इंजिनाचे तापमान पाहून पेट्रोल मोजणारा कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे या उपायाची किंमत कोणाच्या लक्षात येत नसे. चूक झाली ती रस्त्यावरचा तात्पुरता इलाज कायमचा मानण्यात. काही इंजिनांत तर झडप काढल्यावर बरेचसे कूलंट रेडिएटर टाळून मधल्या मार्गानेच परत फिरते आणि गाडी उलट अधिक तापते.

तेव्हा नवा थर्मोस्टॅट बसवून घ्यावा. बसवण्यापूर्वी तो पातेल्यातल्या पाण्यात टांगून पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडला पाहिजे. मात्र गाडी मुळात का तापली, याचा शोध बाकीच आहे. रेडिएटर चोंदला आहे का, पंखा वेळेवर सुरू होतो का, वॉटर पंप ठीक आहे का आणि रेडिएटरमध्ये साधे पाणी तर भरलेले नाही ना, हे पाहावे. कूलंटही थंड देशांसाठीच असते, हा त्याच जातकुळीतला समज आहे. कूलंटमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि आतला गंज थांबतो; उलट बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात.

प्रश्न : घाट उतरताना गाडी न्यूट्रल केल्यास पेट्रोल वाचते, असे माझे ड्रायव्हिंग शिकवणारे सर सांगत असत. ते खरे आहे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : कार्ब्युरेटरच्या गाडीत ते काही अंशी खरे होते. इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल मोजून सोडतो अशा, गाडीत मात्र गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की चाकेच इंजिन फिरवत राहतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी तेच पेट्रोल जाळावे लागते. अर्थात, मला बचतीपेक्षा ब्रेकची काळजी अधिक वाटते, कारण इंजिनाचा आधार सुटल्यावर सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ते तापून निकामी होऊ शकतात. चढताना जो गिअर लागतो, त्याच्या आसपासच्या गिअरमध्ये उतरावे.

प्रश्न : गाडीची बॅटरी फरशीवर ठेवली तर उतरते, म्हणून तिच्याखाली लाकडी फळी ठेवावी, असे म्हणतात. त्यात काही तथ्य आहे का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : जुन्या काळी बॅटरीचे खोके कडक रबराचे असे, ते सच्छिद्र असल्याने ओल्या, मळक्या फरशीवर करंट झिरपत असे. आजच्या प्लास्टिकच्या खोक्याला ती अडचण नाही. बॅटरी कोठेही ठेवली तरी आपोआप थोडी थोडी उतरतेच, उष्ण हवेत तर अधिक. त्यामुळे फळी शोधण्यापेक्षा महिन्या-दोन महिन्यांनी ती चार्ज करून घ्यावी.