लेखन शिकवता येते का? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सर्जनशील लेखनाच्या शिक्षणाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहे. पत्रे मोठी होती, म्हणून त्यांतील प्रश्नाचा भाग तेवढाच येथे घेतला आहे.

प्रश्न : मी कथा लिहितो आणि एखाद्या लेखन-कार्यशाळेत प्रवेश घ्यावा असे मनात आहे. परंतु ज्यांच्या मताला मी किंमत देतो असे माझे दोन स्नेही म्हणतात की लेखक जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही. गाणे, नृत्य, चित्रकला या कला गुरूपाशी बसून शिकायला कोणीच हरकत घेत नाही. मग लेखनाच्याच बाबतीत हा आक्षेप का? आणि तो खरा आहे का?

उत्तर : आक्षेप का घेतला जातो, हे आधी पाहू. गायकाचा रियाज ऐकू येतो, चित्रकाराच्या रेखाटनांच्या वह्या दिसतात. लेखकाचा रियाज मात्र टाकून दिलेल्या खर्ड्यांत असतो आणि ते खर्डे वाचकापर्यंत कधीच पोहोचत नाहीत. वाचकाच्या हाती येते ते अखेरचे पान, आणि ते चांगले असेल तर एका दमात उतरले असावे असेच वाटते. शिवाय सूर किंवा रंग यांच्याशी आपला संबंध शिकण्यातून येतो, भाषा मात्र प्रत्येकाला आधीच येत असते. जे साधन लहानपणापासून हाताळतो ते पुन्हा शिकावे लागेल हे मनाला पटत नाही, म्हणून लेखनातला सगळा फरक आपण जन्मजात देणगीच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

तुमच्या स्नेह्यांची बाजू मात्र हलकी नाही. सातव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेले दोन काव्यशास्त्रकार या प्रश्नावर दोन बाजूंना उभे आहेत. भामह म्हणतो की गुरूच्या उपदेशाने शास्त्र मंदबुद्धीलाही शिकता येते, काव्य मात्र कधीतरी एखाद्या प्रतिभावंताच्याच हातून निर्माण होते. दंडी नैसर्गिक प्रतिभा, विपुल व निर्दोष अध्ययन आणि न थकता केलेला अभ्यास ही काव्यसंपदेची कारणे सांगतो. पण तेवढ्यावर न थांबता पुढच्याच श्लोकात म्हणतो की पूर्वसंस्काराने लाभलेली प्रतिभा नसली तरी अध्ययनाने आणि यत्नाने उपासना करणाऱ्यावर वाग्देवी काहीतरी अनुग्रह करतेच. या विषयावर मी वाचलेल्या विधानांत हे मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण दंडी कोणालाही महाकवी होण्याचे आश्वासन देत नाही आणि कोणाला दारातून परतही पाठवत नाही. अकराव्या शतकात मम्मट या काव्यशास्त्रकाराने शक्ती म्हणजे जन्मजात प्रतिभा, निपुणता आणि काव्य जाणणाऱ्याच्या मार्गदर्शनाखाली केलेला अभ्यास या तिन्हींना मिळून काव्याचा एकच हेतू, म्हणजे कारण, मानले. म्हणजे शिक्षणाला त्याने काव्याच्या मुळाशी जागा दिली.

माझे उत्तर मात्र राजशेखर या काव्यशास्त्रकाराने केलेल्या एका विभागणीवर उभे आहे. इ. स. ९०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘काव्यमीमांसे’त तो प्रतिभेचे दोन प्रकार सांगतो : रचना करणारी ती कारयित्री आणि रचनेचे मर्म जाणणारी ती भावयित्री. कवीला पहिली उपकारक, रसिकाला दुसरी. या दोन शक्ती एकाच माणसात असतीलच असे नाही, हे सांगताना तेथे दाखला येतो तो असा की एका दगडातून सोने निघते आणि त्याची पारख करणारा दगड निराळाच असतो. अनेक हस्तलिखिते वाचल्यावर आणि त्यांच्या लेखकांशी बोलल्यावर माझे मत असे झाले आहे की लेखनाच्या शिक्षणात खरोखर शिकवता येते ती भावयित्री, आणि तीही लेखकाच्या स्वतःच्या खर्ड्यापुरती. स्वतःचे पान परक्याच्या नजरेने वाचता येणे, कथा प्रत्यक्षात कोठे सुरू होते ते ओळखता येणे, निवेदकाला जे ठाऊक असणे शक्य नाही ते त्याच्या तोंडी आले आहे हे ध्यानात येणे, पात्राचा संवाद पात्र बोलते आहे की लेखक, हे कानाला कळणे, यांतली प्रत्येक गोष्ट शिकवता येते आणि शिकता येते. कोणत्या विषयाने माणसाला बेचैन करावे आणि त्या बेचैनीने त्याला पुन्हा पुन्हा कागदाकडे ओढावे, हे मात्र कोणताही शिक्षक ठरवू शकत नाही.

रशियन कथाकार अंतोन चेकॉव्हच्या पत्रव्यवहारात याचा पुरावा मिळतो. १८८६ च्या मार्च महिन्यात ग्रिगोरोविच या ज्येष्ठ कादंबरीकाराने तरुण चेकॉव्हला पत्र लिहून आपल्या गुणांचा मान राखण्याची आणि घाईघाईने लिहिणे सोडण्याची कळकळीची विनंती केली. उत्तरात चेकॉव्हने कबूल केले की एका दिवसापेक्षा अधिक वेळ दिलेली आपली एकही कथा आपल्याला आठवत नाही. ग्रिगोरोविचने त्याला तंत्र शिकवले नाही, लेखनाकडे गांभीर्याने पाहायला लावले, आणि शिक्षणाचा हा भाग मला फार मोलाचा वाटतो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चेकॉव्ह आपला भाऊ अलेक्सांद्र याला निसर्गवर्णन कसे करावे ते समजावताना दिसतो : चांदण्या रात्रीची ठरीव वर्णने टाळावीत, बांधावर फुटक्या बाटलीची काच ताऱ्यासारखी चमकली आणि कुत्र्याची किंवा लांडग्याची काळी सावली चेंडूसारखी घरंगळत गेली, एवढे लिहिले तरी चांदणी रात्र उभी राहते. पुढे १८९९ मध्ये मॅक्सिम गॉर्की या तरुण लेखकाला त्याने लिहिले की मुद्रिते तपासताना नामांची आणि क्रियापदांची विशेषणे जमतील तेवढी काढून टाका. माणूस गवतावर बसला, एवढे म्हटले की वाचकाला ते लगेच कळते. त्याच वाक्यात त्या माणसाची उंची, छाती, दाढी, गवताचा रंग आणि बसण्याची ढब कोंबली की मनाला एकदम काहीच पकडता येत नाही.

याहून नेमके शिक्षण कोणत्या वर्गात मिळणार? तरीही अलेक्सांद्र लिहीत राहिला आणि धाकट्या भावाच्या उंचीला कधी पोहोचला नाही. गॉर्की मोठा लेखक झाला, परंतु लहान वयापासून केलेली मोलमजुरी आणि रशियाभर केलेली पायपीट त्याच्या कथांत जी धग घेऊन आली, ती चेकॉव्हने त्याला दिलेली नव्हती. शिक्षक तोच आणि शिकवणही त्याच जातीची असताना निष्पत्ती इतकी वेगळी झाली, म्हणून शिकवण खोटी ठरत नाही. ती कशावर काम करते आणि कशावर करत नाही, तेवढे मात्र यावरून कळते.

विद्यापीठांतील अभ्यासक्रमांचा अनुभवही याच्याशी जुळतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची लेखन-कार्यशाळा १९३६ साली सुरू झाली आणि फ्लॅनरी ओ’कॉनर तेथे शिकून १९४७ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी १९७० मध्ये असाच अभ्यासक्रम सुरू केला. इयान मॅक्युअन त्याचे पहिले विद्यार्थी, आणि २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे काझुओ इशिगुरो हेही तेथलेच. या नावांवरून लेखक घडवता येतो असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल, कारण प्रवेश देतानाच तेथे हस्तलिखिते पारखून घेतली जातात. आयोवाची संस्था स्वतःच सांगते की व्हायोलिन किंवा चित्रकला शिकता येत असेल तर लेखनही शिकता येते, पण बाहेरून दिलेल्या कोणत्याही प्रशिक्षणाने ते उत्तम होईलच याची हमी देता येत नाही. तुमच्या प्रश्नातील गाण्याशी केलेली तुलना या कसोटीवर टिकते. गाण्याच्या शिक्षणानेही प्रत्येक शिष्य मैफिलीचा गायक होत नाही, आणि त्यावरून गाणे शिकवता येत नाही असे कोणी म्हणत नाही.

तेव्हा कार्यशाळेत अवश्य जा, पण प्रवेश घेण्यापूर्वी एवढेच विचारा की तेथे माझी पाने कोण वाचणार आहे आणि किती बारकाईने. जेथे केवळ व्याख्याने आहेत तेथे साहित्याविषयीची माहिती मिळेल. लेखनाचे शिक्षण खर्डा लिहून झाल्यावर, त्या खर्ड्यावरच होते.

प्रश्न : ज्या कार्यशाळेत मी जाते तेथे लेखकाने गप्प बसायचे आणि इतरांनी त्याच्या कथेवर बोलायचे अशी पद्धत आहे. माझ्या कथेवर प्रत्येकाने वेगळा अभिप्राय दिला. सर्वांचे ऐकून मी ती पुन्हा लिहिली, आणि आता ती मला माझी वाटत नाही. चूक माझी की पद्धतीची?

उत्तर : ही पद्धत फार ठिकाणी रूढ आहे आणि तिचा हेतू चांगला आहे. छापलेल्या कथेसोबत लेखक वाचकाच्या घरी जाऊन खुलासा करू शकत नाही, तेव्हा कथा आपल्या बळावर किती उभी राहते हे त्याला आधीच ऐकायला मिळावे. धोका असा की एकत्र बसलेल्या लोकांचे ज्यावर एकमत होते ते बहुधा मधले, कोणालाही न खटकणारे असते, आणि तुमच्या कथेतील जे सर्वांत तुमचे आहे तेच बहुधा कोणाला तरी खटकणारे असते.

मी एक भेद करायला सांगेन. वाचक अडखळला, कंटाळला किंवा गोंधळला असे म्हणतो तेव्हा त्यावर विश्वास ठेवा, कारण तो त्याचा अनुभव आहे. पुढे तो जो उपाय सुचवतो तो मात्र त्याच्या मनातल्या वेगळ्या कथेचा असतो. शेवट पटला नाही असे चौघांनी म्हटले, तर दोष पुष्कळदा शेवटात नसून तिसऱ्या पानावर असतो, जेथे त्या शेवटाची तयारी व्हायला हवी होती. तो शोधणे तुमचे काम आहे आणि ते इतरांवर सोपवता येत नाही.

कथा आपली न राहण्याचे दुःख काय असते हे अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरच्या बाबतीत स्पष्ट दिसते. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कथासंग्रहातील काही कथा संपादक गॉर्डन लिश यांनी निम्म्याहून अधिक कापल्या होत्या. संग्रह छपाईला जाण्यापूर्वी, १९८० च्या जुलैत, हे प्रकाशन थांबवा अशी विनवणी करणारे पत्र कार्व्हरने त्यांना लिहिले होते. तरीही पुस्तक निघाले, गाजले, आणि कार्व्हरचे नाव ज्या तुटक, कोरड्या शैलीशी जोडले गेले तिच्यात लिशच्या कात्रीचा मोठा वाटा होता. मूळ रूपातल्या कथा २००९ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाल्या. दोन्ही रूपे शेजारी ठेवून वाचली तर काही ठिकाणी संपादकाचे पारडे जड वाटते. पण तेथे एका माणसाच्या निर्णयाने दुसऱ्याच्या कथेचा स्वभाव बदलला, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

याच कार्व्हरला तरुणपणी जॉन गार्डनर हे शिक्षक लाभले होते. त्यांनी त्याच्या हस्तलिखितावर शब्दाशब्दाने काम केले. काही दुरुस्त्यांवर चर्चेला वाव ठेवला, काहींवर मुळीच ठेवला नाही, आणि घरी लिहायला जागा नाही हे कळल्यावर आपल्या कचेरीची किल्ली त्याच्या हाती दिली. वाक्य खोटे का वाटते हे शिक्षकाने दाखवावे, दुसरे वाक्य विद्यार्थ्याने शोधावे, ही मर्यादा मला योग्य वाटते. तुम्ही पहिला खर्डा जपून ठेवला असेल तर तो काढा, सर्व अभिप्राय बाजूला ठेवा, आणि ज्या दुरुस्त्यांचे कारण तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल तेवढ्याच त्यात करा.

प्रश्न : मला कोणत्याही वर्गाला जाणे शक्य नाही. शिक्षकाशिवाय, घरच्या घरी काही अभ्यास करता येईल का?

उत्तर : करता येईल. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने ‘कविकंठाभरणा’त होतकरू कवींना असेच अभ्यास सांगितले आहेत. आरंभी अर्थाची चिंता न करता नुसते शब्द वृत्तात बसवावेत, म्हणजे लय अंगवळणी पडते. जुन्या श्लोकांतील शब्द बदलून पाहावेत.

गद्यासाठी मला बेंजामिन फ्रँकलिनची पद्धत सर्वांत उपयोगी वाटते, जी त्याने आत्मचरित्रात सांगितली आहे. आवडलेल्या नियतकालिकातील एखादा निबंध घेऊन तो प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवी, काही दिवस ते टिपण बाजूला ठेवी, आणि मग मूळ न पाहता केवळ टिपणांवरून तो निबंध पुन्हा लिहून मुळाशी ताडून पाही. कधी तो गद्याचे पद्य करी आणि मूळ विसरल्यावर त्या पद्याचे पुन्हा गद्य करी, म्हणजे नेमका शब्द शोधण्याची सवय लागे. कधी टिपणांचा क्रम मुद्दाम विस्कटून टाकी आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा लावी, म्हणजे विचारांची मांडणी शिकता येई. या पद्धतीत शिक्षकाचे काम मूळ लेखच करतो, आणि चूक कोणी दाखवण्याची वाट पाहावी लागत नाही.

तुम्ही हे कथेतील एखाद्या प्रसंगावर करून पाहा. ताडताना शब्द तेच आले की नाही हे महत्त्वाचे मानू नका. मूळ लेखकाने तुमच्यापेक्षा कमी सांगूनही तुम्हाला अधिक दिसले अशा जागांवर खूण करा आणि त्याने काय गाळले ते समासात लिहून ठेवा. फ्रँकलिन सांगतो की क्वचित एखाद्या बारीक बाबतीत आपले वाक्य मुळाहून बरे झाले आहे असे त्याला वाटे, आणि तेवढ्याने त्याला पुढे जाण्याचा धीर येई. अशी जागा तुम्हाला सापडली तर तिच्यावरही खूण करा आणि त्या रात्री टिपणे बंद करून स्वतःची कथा लिहायला बसा.