ट्रॉमा वॉर्डात रुजू होण्याआधी: धुळ्याहून इंग्लंडला निघालेल्या सिस्टरला उत्तर

धुळ्यात ऑर्थो वॉर्डात काम केलंय, सीबीटी, म्हणजे तिकडे नर्स म्हणून नोंदणीसाठीची संगणकावरची परीक्षा, पास झालीस, इंग्लंडमधल्या ट्रॉमा वॉर्डाची, म्हणजे पडून-अपघातात हाडं मोडलेल्यांच्या वॉर्डाची, ऑफर हातात आहे. आता तुला विचारायचंय की तिथलं असेसमेंट, म्हणजे पेशंटला तपासणं आणि माहिती घेणं, आपल्यापेक्षा वेगळं कसं आणि ऑस्कीसाठी, म्हणजे नोंदणीच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी, काय घोटायचं. दोन्ही प्रश्न एकच आहेत, म्हणून एकत्रच सांगते.

मोडलेले हातपाय तू इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, बऱ्याच जणींपेक्षा जास्त पाहिलेत. शिरपूर-चोपडा रस्त्यावरचे बाइकवाले, मळणीयंत्रात हात गेलेले, रावेरकडचे केळीच्या ट्रॅक्टरवरून पडलेले मजूर. हाडाची भीती तुला नाही. पण आपल्याकडे सिस्टर व्हायटल्स घेते, डॉक्टर तपासतात, ऑर्डर लिहितात, आपण पाळतो. इथं तपासायचं तूच, त्यातून काय निघालं ते ठरवायचं तूच, आणि कोणाला किती वाजता कळवलं हे लिहायचंही तूच. लिहिलं नाही तर केलंच नाही, असं धरतात.

पेशंटही वेगळे. इथल्या ट्रॉमा वॉर्डात निम्म्याहून जास्त खाटांवर खुब्याचं हाड मोडलेली ऐंशीच्या पुढची आजी-आजोबा मंडळी दिसली तर नवल वाटू देऊ नकोस. पाय आखूड, बाहेर वळलेला, हे चित्र तुला पाठ आहे. पण इथं पहिला प्रश्न हाडाचा नसतो. पडली कशी? पाय अडखळला, की आधी चक्कर आली? जमिनीवर किती वेळ पडून होती? रात्रभर पडून असेल तर स्नायू विरघळून किडनीवर ताण येतो, अंग गार पडतं, पाठीला-टाचेला जखमा सुरू होतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, डोक्याला मार लागला का, घरी सोबत कोण आहे, हे सगळं असेसमेंटमध्येच येतं. या पेशंटचं ऑपरेशन भरतीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं असा इथला दंडक आहे, म्हणून ही माहिती सकाळच्या राउंडपर्यंत थांबवून चालत नाही.

क्रम मात्र ए-बी-सी-डी-ई हाच. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, मग अंगावरचे कपडे बाजूला करून बघणं. पाय वाकडा दिसला की नजर तिथंच अडकते, पण मांडीचं हाड मोडलं की आतल्या आत लिटरभर रक्त जाऊ शकतं, बाहेर थेंब दिसत नाही. नाडी आणि बीपी आधी. ते आकडे न्यूज २ च्या, म्हणजे पेशंट किती बिघडतोय याचे गुण देणाऱ्या तक्त्यात भरायचे: एकूण ५ झाले तर तातडीनं कळवायचं, ७ झाले तर आणीबाणी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, न्यूरोव्हॅस्क्युलर तपासणी, म्हणजे मोडलेल्या हातापायातल्या नर्व्ह आणि रक्तपुरवठा ठीक आहे का ते बघणं. आपल्याकडे 'बोटं हलव' म्हणून पुढच्या खाटेकडे जातो. इथं प्रत्येक नर्व्ह वेगळी बघायची. हातात अंगठा वर करायला सांगितला की रेडियल, बोटं फाकवली की अल्नर, अंगठा करंगळीला लावला की मीडियन. पायात पंजा वर ओढणं पेरोनियलसाठी, खाली दाबणं टिबियलसाठी, आणि अंगठा व दुसऱ्या बोटाच्या बेचक्यात स्पर्श कळतो का ते. मग रंग, उष्णता, नाडी, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परततो का. दर वेळी चांगल्या बाजूशी ताडून. सावळ्या कातडीवर फिकेपणा चटकन दिसत नाही, तिथं तळवे आणि नखं बघ. हे आपल्याला इथल्यांपेक्षा लवकर सुचतं.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या करकचून बांधलेला हात घेऊन आलेला पेशंट तू पाहिला असशीलच. बोटं सुजलेली, काळसर. कंपार्टमेंट सिंड्रोमची, म्हणजे आतल्या सुजेचा दाब वाढून स्नायूंचं रक्त तुटण्याची, तीच गोष्ट इथं व्यवस्थित घातलेल्या प्लास्टरखाली किंवा ऑपरेशननंतरही घडते. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नकोस, ती फार उशिरा जाते. इजेच्या मानानं जास्त दुखणं, मॉर्फिन देऊनही न थांबणं, आणि बोटं आपण हलक्या हातानं ताणली की किंचाळणं, या खुणा आधी येतात. लगेच ऑर्थोच्या डॉक्टरांना बोलव, पट्टी-प्लास्टर कातडीपर्यंत मोकळं करायची तयारी ठेव, पाय हृदयाच्या पातळीला ठेव, उशांवर उंच नको, आणि तोंडानं काही देऊ नकोस.

दुखण्याचा आकडा शून्य ते दहामध्ये विचारायचा, स्वस्थ पडून असताना वेगळा आणि हालचाल करताना वेगळा. औषध दिल्यावर पुन्हा. इथली म्हातारी माणसं आपल्या शेतकऱ्यांसारखीच, 'काही नाही, चालतंय' म्हणतील आणि कूस बदलताना ओठ चावतील. स्मृतिभ्रंश असेल तर चेहरा, कण्हणं, हाताची मूठ यांवरून गुण देणारे तक्ते असतात. ते वापर, अंदाजानं लिहू नकोस.

इजा नसलेल्या पाठदुखीत एकच गोष्ट विसरू नकोस. लघवी अडकली का, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आहे का, दोन्ही पायांत कळ जाते का, हे न लाजता विचार. कॉडा इक्विना, म्हणजे कण्याच्या खालच्या टोकाच्या नसांच्या जुडग्यावर आलेला दाब, नजरेतून सुटला तर माणूस आयुष्यभर भोगतो. गरम, लाल, सुजलेला सांधा आणि ताप असेल तर जंतुसंसर्ग समजून चाल, संधिवात म्हणून सोडू नकोस.

ऑस्कीत हेच करून दाखवायचं, फक्त मोठ्यानं बोलत. दहा स्टेशनं असतात, त्यांतली चार एकाच पेशंटची: असेसमेंट, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन. हात धुणं, नाव आणि जन्मतारीख विचारून मनगटावरच्या पट्ट्याशी ताडणं, हात लावण्याआधी परवानगी घेणं, याचेही गुण असतात. आपण पेशंटची चादर न विचारता ओढतो, ती सवय आत्तापासूनच मोड. रोज एका पेशंटला मराठीत किंवा अहिराणीत का होईना, 'आता मी पायाला हात लावते, चालेल का?' असं विचारून तपास.

इमर्जन्सीचा पर्याय मिळाला तरी पहिलं वर्ष वॉर्डातच काढ, असं माझं मत. इमर्जन्सीत पेशंट चार तासांत पुढे सरकवायची घाई असते. वॉर्डात तोच पाय तू तीन शिफ्ट बघतेस, आणि कालच्यापेक्षा आज काय बदललं हे ओळखायला शिकतेस.